भाऊजींचा दुपट्टा

यंत्राचं दुखणं नुसतं ऐकून ओळखणारा आमच्या भाऊजींसारखा माणूस वर्धा जिल्ह्यात तर नाहीच, पण अख्ख्या विदर्भात असेल असं मला वाटत नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सेलूच्या पुढे एक गिट्टीची खदान आहे. तिच्या तळाशी झिरपणारं पाणी डिझेल इंजिनानं उपसून नाल्यात सोडायचं, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. घर नाल्याला लागूनच, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी जेवतानाही यांचा कान नाल्यात पडणाऱ्या पाण्याकडे. ताईला ताप आहे हे त्यांना शेजारणीनं सांगावं लागलं होतं. पण इंजिन जरा खोकलं की हातातला घास ताटात टाकून हे पळत सुटायचे. दसऱ्याला पहिला हार इंजिनाला, उरलेली फुलं देवाला. एकदा मी इंजिनाला डबडं म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी अबोला. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "भाऊ, त्याले आयकू येते."

तीन वर्षांपूर्वी मालकानं ते इंजिन विकलं आणि सोलरचा पंप बसवला. ऊन पडलं की आपोआप सुरू, दिवस मावळला की बंद. नागपूरहून आलेल्या इंजिनियरनं भाऊजींना बजावलं, कशालाही हात लावायचा नाही, नुसतं बसायचं. सहा महिने पंप माणसाशिवाय चालला, तर पंपवाल्याची जागाच बंद होणार होती. म्हणजे नोकरी वाचवायला भाऊजींनी काहीही करायचं नव्हतं. नेमकं तेच त्यांना जमेना. खडी फोडणाऱ्या क्रशरची धूळ सोलरच्या प्लेटांवर बसली की नाल्यात पाणी बारीक पडायचं, आणि ते ऐकून यांचा जीव कासावीस व्हायचा. मग रोज उजाडताच, कुणी यायच्या आत, हे गुपचूप जाऊन खांद्यावरच्या दुपट्ट्यानं एकूणएक प्लेट पुसून यायचे. दुपट्ट्याचा रंग सिमेंटच्या पोत्यासारखा झाला.

ताई कळवळून म्हणाली, "नका ना जी पुसू! एक डाव बंद पडू द्या, मंग याद येईन त्यायले तुमची."

"अवं, खदानीत पानी भरलं तं खालच्या मान्सायची रोजी बुडन," भाऊजी म्हणाले. "अन् त्या पंपानं तरी माह्यं काय वाईट केलं?"

सहा महिन्यांनी इंजिनियर पाहणीला आला तेव्हा मी तिथेच होतो. लखलखीत प्लेटवर बोट फिरवून त्यानं मालकाला दाखवलं. "बघा साहेब, आमच्या काचेवर धूळ बसतच नाही!" भाऊजी तो राखाडी दुपट्टा खांद्यावर घेऊन शेजारीच उभे होते. संध्याकाळी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. घरी येताना मी चिडून विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत?

"मले कोनं इचारलं, भाऊ?"

मीसुद्धा तिथे गप्पच उभा होतो, हे त्यांनी काढलं नाही. मला मात्र ते अजून छळतं.

मागच्या महिन्यात ताईकडे गेलो होतो. पाणी पुरेसं उपसलं जात नाही म्हणून मालकानं आणखी चार प्लेटा लावल्यात म्हणे. सकाळी अंगणात चहा पिता पिता भाऊजी मध्येच थांबले. कान नाल्याकडे लागला.

"अर्धंच पानी पडून राह्यलं," ते म्हणाले.

त्यांचा हात खांद्यावर गेला. दुपट्टा निम्मा ओढून झाला, आणि मग खदानीच्या गेटातून आपल्याला आत सोडत नाहीत हे आठवलं असावं. त्यांनी तो पुन्हा नीट खांद्यावर टाकला आणि चहाचा कप उचलला. ताईनं धुऊन धुऊन तो दुपट्टा पांढराशुभ्र केलाय. इतका स्वच्छ दुपट्टा भाऊजींच्या अंगावर मी कधीच पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो, मला तो बघवेना.