बिनदारांचं स्वयंपाकघर

घरात काहीही बिघडलं की आमच्या सासूबाई, म्हणजे माई, आधी चहा टाकायच्या. वीज गेली, गीझर बंद पडला, माझं आणि नवऱ्याचं वाजलं, कारण कुठलंही असो, पातेलं गॅसवर चढायचं. "पोटात गरम गेलं की माणूस कमी बोलते," असं त्यांचं म्हणणं. माझ्या बाबतीत ते कधी खरं ठरलं नाही, पण चहा उत्तम असायचा.

माई अमरावतीकडच्या. सासरे गेल्यावर सुधीरने, माझ्या नवऱ्याने, त्यांना हडपसरला आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. आम्ही दोघं खराडीच्या आयटी कंपन्यांत. सकाळी जायचो ते दिवेलागण उलटल्यावर उगवायचो. माईंनी आल्या आल्या स्वयंपाकाचा ताबा घेतला आणि मी तो आनंदाने दिला. त्यांना काचबिंदू होता. समोर कोणीतरी उभं आहे इतकंच कळायचं. कोण ते आवाजावरून. तरी भाकरी टम्म फुगायची, कारण प्रत्येक डब्याची जागा हाताला पाठ होती. "डबा हालला तं माहा डोळा गेला समज," असा घरातल्या सगळ्यांना दम होता.

सुधीरला मात्र धास्ती. पदर पेटला तर? त्याने ठरवलं, मॉड्युलर किचन करायचं, आणि ते झालं की स्वयंपाकाला बाई ठेवायची. आईने आता आराम करायचा.

"सगळं दारांच्या आत, आई. बाहेर काही म्हणून दिसणार नाही," तो कौतुकाने म्हणाला.

"मले आताबी कुठं दिसते," माई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

काम सुरू झालं. आमचा संसार तात्पुरता बाल्कनीत गेला. जमिनीवर शेगडी, माई पाटावर आणि भोवती हाताच्या अंतरावर डबे. गावाकडे त्या अशाच बसून रांधायच्या. इकडे आत जुना ओटा फोडताना भिंतीतला पाइप फुटला. खालच्या मजल्यावरचे गोडबोले वर आले. "खडकवासल्याचं पाणी आम्हाला नळाने मिळतं. छतातून सोय केल्याबद्दल आभार, पण ती बंद करा," एवढं बोलून वळले. माईंनी त्यांनाही थांबवून चहा पाजला. मग ग्रॅनाइट आलं. ते लिफ्टमध्ये मावेना, जिन्याने चढवताना वळणावर तडकलं. नवीन येईपर्यंत मिस्त्री भावाच्या लग्नाला गावी गेला आणि त्याचा फोन लागेनासा झाला. मी चिडचिड करत होते, सुधीर दर वेळी आणखी कोणावर तरी ओरडत होता. माई मात्र शांत. "होते बाप्पा. घाई काय हाय," एवढंच. सासू असावी तर अशी, असं मी ऑफिसात सांगत सुटले होते.

मग एकदा सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले, तर माई भाकऱ्या थापता थापता धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. फोन मांडीवर, स्पीकर चालू.

"मिस्त्री अजून नाही आला ओ. देवानं त्याले तिकडंच ठेवावं, मी तं हेच मागून राहिली. इथं हात पुरते तिथं सारं हाय. तिकडं सारी दारं एकसारखी. मीठ कुठं, साखर कुठं, हाताले काय समजते? अन् रांधाले बाई येणार. काम नसलं की माणूस घरात पाव्हणा होते. पाव्हण्यानं किती दिवस राहावं?"

माझ्या हातात ओला टॉवेल तसाच राहिला. वाईट वाटलं, आणि रागही आला. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "माई, आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुमी दोघं एवढ्या हौसेनं करून राहिले. डोळे माहे, पण घर तुमचं."

"घर तुमचंही आहे. आणि भाकरी करपतेय."

त्या रात्री जेवताना मी सुधीरला सगळं सांगितलं. तो आधी वाद घालत बसला, मग म्हणाला, "बाई नको ठेवायला. पण आई गॅसजवळ असताना तिचा पदर खोचलेला पाहिजे." माईंनी ती अट मान्य केली.

मिस्त्री उगवला तेव्हा मी त्याला एका बाजूचा ओटा बसून काम करता येईल इतका खाली घ्यायला लावला. तिथल्या फळ्यांना दारं नकोत म्हटल्यावर त्याने खालचा ओठ चावला. "मॅडम, कोई पूछे किसने बनाया, तो मेरा नाम मत बताना." आमच्याकडे येणारे पाहुणेही विचारायचे, काम अर्धवट राहिलंय का? माई पाटावरूनच उत्तर द्यायच्या, "मिस्त्री पळाला." आणि खुदकन हसायच्या.

त्या स्वयंपाकघरात माई कित्येक वर्षं रांधत राहिल्या. एका दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. संध्याकाळी स्मशानातून सगळे परतले तेव्हा गोडबोल्यांकडून पिठलं-भात आला होता. ओट्यावर पातेलं झाकलेलं दिसलं. उघडलं तर रात्रीसाठी चवळी भिजत घातलेली. माई तिला बरबटी म्हणायच्या. मी ती उपसली, कुकरला लावली.

चुलत सासूबाईंनी मला अडवलं. "अगं, आज या घरात चूल पेटवत नाहीत."

"स्वयंपाक माईंनी मांडलेला आहे," मी म्हटलं. "मी नुसता गॅस लावतेय."

पिठलं-भातासोबत सगळ्यांच्या पानात ती उसळ वाढली. मीठ माझ्या हातून जास्त पडलं होतं. सुधीरने पुन्हा वाढून घेतली.