निबर झालेला रोलर

एम.एड.चा प्रबंध बाइंडिंगला द्यायचा त्याच सोमवारी आमच्या प्रिंटरनं कागद ओढायचं बंद केलं. चौपन्नावं पान बाहेर पडलं आणि पुढं नुसतीच घरघर. मी गठ्ठा कमी केला, कागद उलटा करून लावला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आतला रोलर फिरायचा, कागद जागचा हलायचा नाही.

सोमवारी कोल्हापुरात दुकानं बंद. दुरुस्तीवाला फोन उचलेना. बाइंडर घरीच काम करायचा; पाचपर्यंत कागद आले तर उद्या सकाळी तिन्ही प्रती देतो म्हणाला होता. मंगळवार शेवटची तारीख. नोकरी सांभाळून, गगनबावड्याच्या शाळा पावसात पालथ्या घालून केलेलं ते काम. मी तिथंच बसून रडायला लागले.

सासरे बाहेर पेपर वाचत होते. त्यांना मी मामा म्हणते. त्यांचा टायपिंगचा क्लास होता. निम्म्या पेठेची बोटं त्यांनी वळवलेली. घरोघरी कॉम्प्युटर आले, क्लासला पोरं येईनात, शेवटी मशिनं विकून त्यांनी कुलूप लावलं. त्यानंतर माझ्या कॉम्प्युटरच्या खोलीत ते कधी आले नव्हते. त्या दिवशी उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

"काय वरडतंय ते?"

"कागद ओढत नाही, मामा."

"रोलर रबराचा हाय?"

"असेल."

"असंल म्हंजे? बघितलं न्हाईस? आदी वायर काढ. आन् बॅटरी आण."

मी बॅटरीचा उजेड आत धरला. त्यांनी मागच्या फटीतून बोट घालून रोलरवर फिरवलं, आणि त्यांचा चेहराच उजळला.

"निबर झालंय रबर. हात लाव, काचेगत लागतंय. माझ्या मशिनांचं रूळ असंच व्हायचं की!"

कपाटातून त्यांनी एक पत्र्याचा डबा काढला. मशिनं विकली तरी डबा ठेवला होता. आत स्पिरिटची बाटली, मलमलच्या चिंध्या, बारीक पॉलिश पेपरचे तुकडे. चिंधी एकदा फिरवली तर काळीकुट्ट झाली. मग पॉलिश पेपर, अगदी हलक्या हातानं. पण दिसत होता तेवढाच भाग घासला गेला. रोलर हातानं फिरेना.

"जोर लावू नगंस, चाकाचं दातं मोडतील," मामा म्हणाले, आणि तिथंच अडले.

तेव्हा मला सुचलं. मी वायर लावली, कागद ओढायचं बटण दाबलं, रोलर जरा फिरला की बंद करून वायर काढली. नवा भाग समोर आला. मामांनी माझ्याकडं बघितलं. "बेस!" असं आठ-नऊ वेळा केलं. मी फिरवायची, ते घासायचे.

पहिला कागद आत गेला, पण तिरका, आणि अडकला. माझं तोंड उतरलं.

"आगं वडला तर खरा!" मामा म्हणाले. मग त्यांनी गठ्ठा हातात घेऊन कानाजवळ फडफडवला. "ह्यो सादळलाय. कोरा न्हाय का दुसरा?"

कपाटात न फोडलेलं रीम होतं. त्यातले वीसच कागद घेऊन त्यांनी पिसले, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या, ट्रेमध्ये ठेवले. मी बटण दाबलं. पंचावन्नावं पान सरळ आत गेलं आणि सरळ बाहेर आलं.

"आगं, ऐकलंस काय? चाललं की!" मामा एवढ्यानं ओरडले की सासूबाई पिठाच्या हातानं पळत आल्या. मी तर टाळ्याच वाजवल्या.

मग मामा खुर्ची ओढून बसले. येणारं प्रत्येक पान हातात घेऊन वाचायला लागले. एकाहत्तराव्या पानावर थांबले. "स्वल्पविरामानंतर जागा सोडली न्हाईस." मी निमूट दुरुस्त करून ते पान परत काढलं. साडेतीनला शेवटचं पान पडलं. तिन्ही प्रतींचं.

गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसले. बाइंडरकडं पोचलो तेव्हा पाचाला वीस मिनिटं कमी होती. तिथं एक अनोळखी गृहस्थ लग्नपत्रिका घ्यायला आले होते. मामांनी त्यांनाच गाठलं.

"पावणं, रोलर निबर झालता. आम्ही दोघांनी केला दुरुस्त. मी आन् आमच्या सूनबाईनं."

पावण्यांनी मान डोलावली. मामांनी मग सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि मधे मधे राहिलेलं मी भरत गेले.