रविवारची पंगत आणि रोहिणीचं मनगट

"काम क्या करती हैं?" डॉक्टरांनी माझ्या बायकोला विचारलं आणि उत्तर मी दिलं. "कुछ नहीं, घर पे ही रहती हैं."

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रोहिणीचा उजवा हात धरून त्या मनगटावर बोटानं टिचक्या मारत होत्या आणि प्रत्येक टिचकीला तिच्या मधल्या बोटापर्यंत झिणझिण्या जात होत्या. मग त्यांनी तिला दोन्ही मनगटं वाकवून पंजे पाठीला पाठ लावून धरायला सांगितले. थोड्याच वेळात रोहिणी म्हणाली, "बोटं गेली."

"कार्पल टनेल सिंड्रोम," डॉक्टर म्हणाल्या. "रिपिटिटिव्ह स्ट्रेन का मामला लगता है."

ज्यांनी हे नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या मनगटात एक अरुंद बोगदा असतो. खाली हाडं, वर एक जाड पट्टा. त्यातून बोटं हलवणाऱ्या दोऱ्या जातात, आणि मीडियन नर्व्ह नावाची एक नस. तीच ती हालचाल जोर लावून वर्षानुवर्षं केली की आत सूज येते, जागा पुरत नाही आणि नस चेपते. अंगठा, शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची एक बाजू बधिर होते. करंगळी मात्र ठणठणीत राहते.

"पण ही कम्प्युटरवर बसत नाही," मी डॉक्टरांना हिंदीत म्हणालो. हा आजार आमच्यासारख्या आयटीवाल्यांचा, अशी माझी पक्की समजूत होती. ऑफिसात या विषयावर तासाभराचं सत्र झालं होतं. आभारप्रदर्शन मीच केलं होतं. कंपनीनं मला मनगटाला आधार देणारा माउस दिला होता, पाठीच्या आकाराची खुर्ची दिली होती.

"रोटी कौन बनाता है?" डॉक्टरांनी विचारलं.

रोहिणीनं माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "सांगू का हो?" डॉक्टरांना खरं सांगायला तिला माझी परवानगी लागली, हे मला आजही खातं.

आम्ही दोघं मिरजेकडचे. नोकरीमुळे जयपूरला आलो आणि तिलक नगरमध्ये भाड्यानं राहू लागलो. ऑफिसात लातूर, जळगाव, साताऱ्याकडची बरीच एकटी पोरं. एका रविवारी मी त्यातल्या निखिलला जेवायला आणलं. पुढच्या रविवारी तो दोघांना घेऊन आला. मग पंगतच पडली. गाद्या अंथरायच्या, गप्पा ठोकायच्या, आणि आतून गरम चपात्या येत राहायच्या. घरातली परात पुरेना म्हणून मी मोठी परात आणली, वर त्याचं कौतुकही करून घेतलं. "दादा म्हणजे राजा माणूस," असं पोरं म्हणायची आणि मी फुगायचो. कणीक मळणारं मनगट दुसऱ्याचं होतं.

जानेवारीत तिच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. जयपूरची थंडीच तशी, म्हणून ती गॅसवर हात शेकायची. झोपेतून उठून हात झटकायची. मी तिला सांगितलं, हात अंगाखाली घेऊन झोपतेस म्हणून होतंय. आणि पाठ फिरवून झोपलो.

तपासण्या सुरू झाल्या. साखर आणि थायरॉइड बिघडलं तरी ही नस चेपते, म्हणून रक्त दिलं. लाज वाटते, पण सांगतो. थायरॉइड निघावा असं मला मनातून वाटत होतं. म्हणजे खापर माझ्या पंगतीवर फुटलं नसतं. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले.

मग नर्व्ह कंडक्शन स्टडी. हातावर बारीक विजेचे झटके देऊन नसेतून संदेश किती वेगानं जातो ते मोजतात. दुखत नाही फार, पण दचकायला होतं. बाहेर आल्यावर रोहिणी स्वेटरची बटणं लावत बसली होती आणि तिला ती लागत नव्हती. मी शेजारीच होतो, फोनवर पोरांना पाडव्याचं आमंत्रण धाडत होतो.

रिपोर्टमध्ये नस मध्यम प्रमाणात चेपलेली दिसली. मनगट सरळ ठेवणारा पट्टा, म्हणजे स्प्लिंट, रात्री तर घालायचाच, दिवसाही जमेल तेवढा. मळणं, लाटणं, पिळणं बंद. डॉक्टरांनी अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा दाखवला. नस अशीच दबून राहिली तर तो वाळतो. मग ऑपरेशन करूनही तो पुन्हा भरेलच असं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. एकदा तिला, एकदा मला.

तरीही मी पाडवा केला. आमंत्रणं गेली होती, आता नाही कसं म्हणायचं? पुरणपोळ्या बाहेरून मागवू असं एकदा माझ्या मनात आलं, पण मग पोरं काय म्हणतील? "एवढा पाडवा होऊ दे," मी म्हणालो.

"बघा, तुम्ही म्हणाल तसं," रोहिणी म्हणाली.

तिनं पट्टा काढून फ्रिजवर ठेवला. मी ते पाहिलं आणि गुढीला साखरेची माळ बांधायला गेलो. जेवताना आत ओरडून गरम पोळ्याही मागितल्या.

पुढच्या काही आठवड्यांत तिच्या हातून चहाचं पातेलं सुटलं. मग कुलपात किल्ली फिरेना. डॉक्टरांनी तिचे दोन्ही तळवे शेजारी शेजारी ठेवले. उजव्या अंगठ्याखालचा उंचवटा सपाट होऊ लागला होता. मला ते डॉक्टरांनी दाखवायची गरज पडली नाही.

"एक दिन के काम से ऐसा हुआ क्या?" मी विचारलं.

"एक दिन से नहीं होता," त्या म्हणाल्या. "ये सालों का है. पर आराम करने को कहा था, वो किया क्या?"

ऑपरेशन लहान होतं. हात तेवढा बधिर करतात, बोगद्यावरचा पट्टा कापून नसेला जागा करून देतात. त्याच दिवशी घरी सोडलं. मी बाहेर बाकावर बसून होतो, तिचं मंगळसूत्र आणि बांगड्या रुमालात बांधून. एवढं हलकं गाठोडं मला धरवत नव्हतं.

पुढे जयपुरातल्याच सोडाला भागात फिजिओथेरपी. बोटं मिटायची, उघडायची, मऊ चेंडू दाबायचा. मुंग्या आधी गेल्या. एक दिवस फोडणीला जिरं घालताना ती थांबली आणि म्हणाली, "दाणे लागतायत हो हाताला." आम्ही दोघंही रडलो. ताकद मात्र पुरती आलेली नाही. बरणीचं झाकण आजही मीच उघडतो.

निखिल भेटायला आला तेव्हा त्याला मी सगळं सांगितलं. त्याचा चेहराच उतरला. "दादा, चपात्या मेसमध्ये पण मिळतात हो," तो म्हणाला. "आठवडाभर भैया, जी, मतलब करून जीव जातो. आम्ही मराठी बोलायला येत होतो. आम्हाला साधे पोहे दिले असते तरी चाललं असतं."

"मग हे आधी बोलायचं की रे," रोहिणी म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

तुमच्या घरात कुणी झोपेतून उठून हात झटकत असेल तर थंडीवर, वयावर ढकलू नका. लवकर दाखवलं तर बऱ्याचदा पट्ट्यावर आणि विश्रांतीवर भागतं. कणीक सैल भिजवा, काम वाटून घ्या, मनगट वाकवून जोर लावू नका, मधेमधे हात मोकळा सोडा. आणि तुम्ही जर पानावर बसून वाट बघणाऱ्यांपैकी असाल, तर आधी उठा. डॉक्टरांचे, त्या फिजिओथेरपीवाल्या ताईंचे उपकार आहेतच. पण रोहिणीनं मला एकदाही बोल लावला नाही, त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. बोलली असती तर सोपं गेलं असतं.

रविवारी पोरं अजून येतात. येताना राजा पार्कातून कचोऱ्या आणतात, कुणी भाजी चिरतं. चपात्या मी करतो, चार-सहा, वेड्यावाकड्या. रोहिणी बाहेर त्यांच्यात बसते. ती गोष्टी इतक्या रंगवून सांगते हे पोरांना माहीत नव्हतं. खरं तर मीही विसरलो होतो.

परवा बाहेर एकदम हसण्याचा स्फोट झाला. एक्झॉस्टच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. "काय झालं? काय झालं?" मी आतून ओरडलो.

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही तव्याकडे बघा, करपेल."

मी चपाती उलटली. बाहेर पुन्हा सगळे हसले. इतकी वर्षं आमचं हसणं तिनं इथूनच ऐकलं असणार.