अक्का आणि पत्र्यामागचे ससे

अख्ख्या बंगळूर शहरात माझ्या आतेसासूइतकं स्थिर बसता येणारं दुसरं माणूस नसेल, आणि यात मी चौकाचौकातले पुतळेही धरले आहेत. त्यांना सगळे अक्का म्हणतात. मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, लग्न न केलेल्या, सत्तरी कधीच ओलांडलेल्या, चणीनं लहान आणि कायम फिकट सुती साडीत. त्या खुर्चीत बसल्या की थोड्या वेळानं नुसती खुर्चीच उरते. आमच्या व्हाइटफील्डच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला एका पाहुणीनं त्यांच्या मांडीवर आपली पर्स ठेवली, वर शाल ठेवली आणि ती जेवायला निघून गेली. परत आल्यावर पर्स पुढे करणारा हात बघून ती बाई जी पांढरी पडली, ती विडा न घेताच घरी गेली. एकदा तर आम्ही दोघं कुलूप लावून, लिफ्टनं खाली येऊन गाडीत बसलो आणि मग एकमेकांना विचारलं, अक्का कुठे आहेत? वर जाऊन बघतो तर त्या दिवाणखान्यात होत्या तशाच बसलेल्या. "हाक का नाही मारलीत?" मी विचारलं. "तुम्हाला जाताना बघत होते," त्या म्हणाल्या. त्यात रागावण्यासारखं काहीच नव्हतं, पण पुढे कितीतरी दिवस दारात चपला घालताना माझ्या मानेवर काटा यायचा.

ही विद्या त्यांना त्यांच्या वडिलांनी दिली. आप्पा आठवडाभर कचेरीत कारकुनी करत आणि सुट्टीला शिकार. मुलगा, म्हणजे माझे सासरे, पुस्तकातून डोकं वर काढेना, म्हणून ते मुलीला घेऊन जात. शनिवारची बस पकडून पूर्वेकडच्या माळावर, रात्री कुणा ओळखीच्याकडे मुक्काम, आणि उजाडायच्या आत झुडपात. ससे, तित्तर, लावे, एवढीच त्यांची दुनिया. वाघ मारणाऱ्यांना आप्पा दिखाऊ लोक म्हणायचे. पुढे शिकारबंदीचा कायदा आला, त्यांनी दुनळी बंदूक पोलिसात जमा केली आणि विषय संपवला. आप्पांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण अक्कांना या गोष्टी पस्तावल्यासारख्या सांगता येत नाहीत. "वाईट नाही वाटायचं?" असं मी पुणेरी सात्त्विकपणानं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाटायचं की. आणि मजाही यायची. सशाचं मटण तर फार चांगलं व्हायचं, नुसतं मिरी आणि खोबरं. गवताचा वास असतो त्याला." मग म्हणाल्या, "पण खरी मजा त्याच्या आधी. दव पडून साडी ओली होते, पायाला मुंग्या येतात, मग मुंग्याही जातात. मग आपण नसतोच तिथं. ससा बाहेर येतो, तोंड धुतो, कान झाडतो. त्याला वाटतं कुणी नाही. आणि अगं, त्या वेळी खरंच कुणी नसतं." हे त्या पोह्यांत लिंबू पिळता पिळता म्हणाल्या. मी माझी बशी बाजूला ठेवली.

एका दुपारी त्या आमच्या बाल्कनीत बसल्या होत्या. आमच्याकडे कबुतरांचा उच्छाद आहे. जाळी लावली, चकचकीत चकत्या टांगल्या, काही उपयोग नाही. मी चहा घेऊन गेले तर एक कबुतर अक्कांच्या गुडघ्यावर बसून पिसं साफ करत होतं. त्यांची पापणीही हलत नव्हती. क्षणभर माझ्या मनात नको ती शंका आली आणि हातातला कप वाजला. त्याच वेळी त्यांचा हात कबुतरावर होता. हात कधी उठला ते मला दिसलंच नाही. त्यांनी कबुतराची छाती अंगठ्यानं चाचपली, "काही नाही उरात. नुसता मैदा खातात," म्हणाल्या आणि त्याला सोडून दिलं. ते कबुतर पुन्हा आलं नाही. त्याचे नातेवाईकही बरेच दिवस आले नाहीत, आणि माझ्या नवऱ्यानं आत्याला दर महिन्याला बोलवायचं ठरवून टाकलं.

पण अक्का येत होत्या त्या बाल्कनीसाठीच. आमच्या इमारतीमागे पत्र्यांचं कुंपण घातलेला एक मोठा रिकामा प्लॉट होता. आत गवत, टणटणीची झुडपं आणि मधोमध चिरलेला काळा खडक. तो खडक त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला. शिकारीतली आप्पांची बसायची जागा, म्हणजे पूर्वेकडचा माळ तो हाच. संध्याकाळी त्या ओठ मुडपून एक विचित्र, घासल्यासारखी शीळ घालायच्या आणि थोड्या वेळानं खालच्या अंधारत्या गवतातून तित्तर उत्तर द्यायचा. ससेही होते. मला दिसायचे नाहीत, त्या बोटानं दाखवायच्या आणि मग मातीच्या ढेकळाला अचानक डोळे फुटायचे.

मग एका शनिवारी कुंपणाच्या फाटकाशी दोन पिवळी यंत्रं येऊन उभी राहिली. सोमवारपासून खोदकाम, वॉचमन म्हणाले. मी अक्कांना फोन केला. यंत्रं कुठल्या बाजूला उभी आहेत ते त्यांनी विचारून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "हाका करायचा. उद्या पहाटे. मला आणायला ये."

हाका म्हणजे एका बाजूनं आवाज करत जनावर पुढे रेटायचं आणि पलीकडे बंदूकवाल्यानं दबा धरून बसायचं. पलीकडच्या टोकाला पत्रा वाकून मोठी फट पडली होती, तिच्यामागे तळ्याकाठची मोकळी जमीन. अक्का त्या फटीशी बसणार होत्या. उजवीकडून माझा नवरा ताट आणि चमचा घेऊन, मधून मी, आणि माझ्याशेजारी आमचे वॉचमन लाठी घेऊन. ते रायचूरकडचे, अक्कांनी त्यांना कन्नडमध्ये काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी चपला काढून ठेवल्या. "डावी बाजू रिकामी राहते," नवरा म्हणाला, "तिकडून रस्त्यावर जातील." अक्कांनी डावीकडे बघितलं. "सरी," त्या कन्नड वळणानं 'बरं' म्हणाल्या, "बघू."

धुकं इतकं होतं की आमची इमारत नव्हतीच. दहा पावलांवर अक्काही नव्हत्या. आम्ही आवाज करत निघालो आणि गवत हलायला लागलं. दिसत काही नव्हतं, नुसत्या रेघा पळत होत्या, आणि सगळ्या डावीकडे वळायला लागल्या. मी त्यांना अडवायला धावणार, तेवढ्यात डावीकडून आवाज आला. दगडावर काठी आपटल्याचा. टक्, मग जरा थांबून टक्, मग पुन्हा. घाई नसलेला, सवयीचा. गवतातल्या रेघा थबकल्या आणि फटीकडे वळल्या.

मी पोचले तेव्हा अक्का फटीशी उकिडव्या बसल्या होत्या, दोन्ही हात बंदूक धरल्यासारखे वर. एक ससा त्यांच्या पावलावर पाय देऊन पलीकडे गेला. त्यामागे एक मादी आली, थांबली, अक्कांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि अक्कांचे हात सावकाश तिच्याबरोबर फिरले. बोट आवळलं गेलेलं मी पाहिलं. मग तीही धुक्यात गेली.

"डावीकडे तुम्ही गेलात ते बरं झालं," नवरा वॉचमनना म्हणाला. ते म्हणाले, मी तर मॅडमच्या शेजारीच होतो. ते होतेच. मी अक्कांना धरून उठवलं. गाल ओले होते, दवानंही असतील. त्या डावीकडे बघत होत्या.

"तिकडे कोण होतं, अक्का?"

"हाक्यात डावी बाजू नेहमी आप्पांची," त्या म्हणाल्या. मग हसल्या, आवाज न करता. "घरी गेल्यावर मला बोलले असते. सगळेच्या सगळे सोडलेस म्हणून."

आता तिथे आमच्यापेक्षा उंच इमारत उभी आहे आणि बाल्कनीत ऊन येत नाही. अक्कांचे गुडघे गेले, त्या मल्लेश्वरमहून हलत नाहीत. रविवारी फोन येतो. तळ्याकडे फिरायला जातेस ना, ससे दिसले का? एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून मी हो म्हटलं. त्यांनी लगेच विचारलं, कुठे, बसलेला की पळता, कान कसे होते. मग खरं सांगितलं, की मी रोज जाते, खूप वेळ थांबते, पण एकदाही दिसलेले नाहीत.

"सरी," अक्का म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम हलका झाला. "मग बरे आहेत."