पन्हळीवरची चाळणी

आई गेल्यावर मी बाबांना मँचेस्टरला घेऊन आले. ते दिवसभर खिडकीपाशी गप्प बसायचे. मला ओढ्याची वाळू धुऊन सोन्याचे कण शोधायचा छंद आहे, पण वाळू धुवायच्या पन्हळीत सारखे दगड अडकायचे. एकदा घरी मला ते काढताना पाहून बाबा म्हणाले, "अगं, वर चाळणी का नाही बसवत?"

ओव्हनच्या जुन्या ट्रेला भोकं पाडून त्यांनीच ती बनवली आणि पन्हळीवर बोल्टने पक्की केली.

शनिवारी आम्ही स्कॉटलंडमधल्या एका ओढ्यावर गेलो. दगड चाळणीवरच राहिले. खाली मोहरीहून बारीक एक कण चमकला. तो बोटावर घेऊन बाबा म्हणाले, "तुझी आई म्हणाली असती, एवढ्याशासाठी इतके भिजलात?"

ती गेल्यापासून त्यांनी तिचा विषय पहिल्यांदाच काढला होता. मग गाडीत ते घरापर्यंत तिच्याबद्दलच बोलत राहिले.