खांद्यात लागलेली गोळी

पडद्यावरच्या हीरोला गोळी नेहमी खांद्यातच का लागते, याचा तुम्ही कधी विचार केलाय? तिथे लागली की माणसाचं काही बिघडत नाही, असं आपल्याला शिकवलं गेलंय.

शिनोलीच्या एका चहाच्या टपरीवर मला पन्नाशीचे एक शेतकरी भेटले. शेजाऱ्याने रानडुकरावर झाडलेली गोळी काही वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या खांद्यात शिरली होती. चहा ते डाव्या हाताने पीत होते. उजवा हात मांडीवरून घसरला की ग्लास खाली ठेवायचे आणि गाठोडं उचलावं तसा तो उचलून परत मांडीवर ठेवायचे.

टपरीतल्या टीव्हीवर हीरो खांद्याला रुमाल बांधून त्याच हाताने गुंडांना लोळवत होता. टपरीवाला म्हणाला, "बघा भाऊ! न्हाईतर तुमी, आजून आरामच चाललाय."

"त्याला सदऱ्याची गुंडी कोण लावून देतं, त्ये बी दाखवाय सांगा की राव," शेतकरी म्हणाले.

सगळे हसले. तेही हसले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "माझ्या थोरल्या पोराला बी वाटतं, मी काम टाळतो. आता सांगायचं बी सोडलंय."

मला संताप आला. त्यांच्यात संतापायचंही त्राण उरलं नव्हतं.

तुमच्या घरात टीव्हीवर असा प्रसंग लागला, तर आवाज बंद करा आणि मुलांना सांगा, अशी गोळी लागलेला माणूस हात उचलत नाही, कारण त्याला तो उचलता येत नाही.