आजोळची नोंद

ती चौकशी मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका ठाण्यात पासपोर्टच्या पडताळणीचं काम पाहत होतो. शिवाजी पेठेतल्या एका सायकल दुरुस्तीवाल्याच्या मुलीची व्यापारी जहाजावरच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली होती. आधी पासपोर्ट, मग त्यावर खलाशाचं नोंदणीपुस्तक. दोन्ही घेऊन चाळीस दिवसांत हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली.

तिचा अर्ज माझ्याकडे आल्यावर तिसऱ्या दिवशी टपालात सहा ओळींचं निनावी पत्र आलं. 'ही मुलगी भारतीय नाही. जन्म कोल्हापूरचा लिहिलाय तो खोटा आहे. जन्माची नोंद मागा.'

शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ कोल्हापूर होतं. महापालिकेत नोंद सापडेना. मी मायलेकींना ठाण्यात बोलावलं.

"जन्म कुठला?"

"हितलाच की साहेब, दाखल्यावर हाय न्हवं?" मुलगी म्हणाली.

दुसऱ्यांदा विचारल्यावर आई म्हणाली, "पहिलं बाळंतपण म्हायेरी झालं, कर्नाटकात. शाळेत घालताना मास्तरांनी पत्त्यावरचंच गाव टाकलं."

आमच्याकडे निम्म्या घरांतलं पहिलं मूल आजोळी जन्मतं, पण अर्ज भरताना ते कुणाच्या ध्यानात येत नाही. मला खटकलं ते वेगळंच. जे शाळेला ठाऊक नव्हतं, खुद्द मुलीला ठाऊक नव्हतं, ते पत्र लिहिणाऱ्याला कसं कळलं?

वरिष्ठांची परवानगी घेऊन मी दोघींसह त्या गावी गेलो. पंचायतीतली जन्माची नोंदवही कानडीत होती. कारकुनाने वाचून दाखवली: आईचं नाव, वडिलांचं नाव, अपत्य मुलगी. मुलीच्या नावाचा रकाना रिकामा. जन्माची खबर देणाऱ्याची सही तेवढी मराठीत होती. मी ते पत्र काढून शेजारी धरलं. 'भ'ची तीच गाठ, 'ल'चा तोच लांब शेपटा. सही मुलीच्या मामाची होती.

मामा घरीच, गोठ्यात सापडला.

"पावणं, ही सही तुमची?"

"व्हय की."

"आणि हे पत्र?"

"तेबी माझंच." त्याने हातातली वैरण खाली ठेवली.

"आण्णा, तू?" बहीण ओरडली. "तुझ्याच हातानं नोंद घातलीस की रं!"

"माझ्या पोराला द्यायचं ठरलंतं हिला. आता ही समुद्रावर निघाली. परत येतीया व्हय?"

"मामा," मुलगी म्हणाली, "परदेशी सून चालली असती व्हय तुम्हाला?"

दारात उभ्या मामीला हसू आवरेना. मला मात्र हसून चालणार नव्हतं. नोंदीतली मुलगी हीच, हे सांगू शकणारा पहिला साक्षीदार म्हणजे ती खबर देणारा मामाच. मी त्याला खोट्या तक्रारीचं कलम समजावलं आणि कोरा कागद पुढे केला. त्याने लिहिलं: 'सदर मुलगी माझी सख्खी भाची असून तिचा जन्म माझ्या घरात झाला.'

नोंदीत नाव लागलं, अर्जातलं जन्मस्थळ दुरुस्त झालं, माझा अनुकूल अहवाल गेला. पाच दिवस शिल्लक असताना दोन्ही कागद मुलीच्या हातात पडले. बहिणीने विनवल्यामुळे मामाला समज देऊन सोडलं.

त्यानंतर कागदात तफावत दिसली की लबाडी शोधण्याआधी मी त्या घरची रीत विचारू लागलो. निवृत्त होईपर्यंत ती सवय कामी आली.

त्या चौकशीनंतर दोन महिन्यांनी मामा ठाण्यात आला. त्याला आपल्या जबाबाची नक्कल हवी होती.

"आता कशाला?"

"जहाजावर गेलेली पोरगी माझी भाची हाय म्हणून सांगितलं, तर गावात कोण खरं मानंना," तो म्हणाला. "कागद दावतो की."